जास्तीचं बटण

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन वास एकमेकांच्या अंगावर येतात. स्वयंपाकघरातून वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा आणि समोरच्या खोलीतून रंगाचा, थिनरचा. फोडणी माझी, थिनर सूनबाईंचं. आठवडाभर कचेरीत संगणकापुढे मान मोडून बसणारी ही मुलगी रविवारी डोळ्याला भिंग लावते, हातात भुवया कोरायचा चिमटा घेते आणि प्लॅस्टिकचे बोटभर रणगाडे, लष्करी ट्रक, जीपगाड्या जोडत बसते. तिच्यासारखी वेडी माणसं जगभर आहेत म्हणे. ती एकमेकांना फोटो पाठवतात आणि एका खिळ्याच्या जागेवरून महिना महिना भांडतात. माझ्या धाकट्या जावेने एकदा नाक मुरडून विचारलं, "सुनेले वाती तरी वळता येतात का?" मी म्हटलं, "वाती नाई येत, पन रणगाड्याची साखळी ओवता येते. तुह्या सुनेले येते का?" जाऊबाई त्या दिवशी चहा न घेताच गेल्या.

खरं सांगू का, तो थिनरचा वास मला मनापासून आवडतो. तो नाकात शिरला की मी सत्तरच्या दशकात जाते, वाशीमच्या एस.टी. स्टँडामागच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. खिडकीखाली माझं शिवणयंत्र, यंत्रावर कुणाचं तरी अर्धवट पोलकं, आणि त्या पोलक्यावर चाकं वर करून पडलेली पत्र्याची एक जीप. शेजारी आमचे डायव्हरसाहेब, म्हणजे माझे यजमान, जिभेचं टोक बाहेर काढून तिला शेवाळी रंग देत बसलेले. रंगाचा एक थेंब गिऱ्हाइकाच्या खणावर पडला की मी कडाडायची आणि ते "अवं, मिलिटरी रंग हाय, चांगला दिसते" म्हणायचे. माणूस स्वभावाने गरीब होता, पण चुकून कधी शरमला नाही.

हे सैन्यात ड्रायव्हर होते. एका जीपचे. त्या जीपमध्ये यांच्या पाठीमागे वायरलेसचा सेट बसवलेला असे आणि सेटशी बसे यांचा जोडीदार, ऑपरेटर. तोही आपल्याकडचाच, मेडशीचा. दोन वऱ्हाडी माणसं एका गाडीत पडली म्हणजे सरकारी तेल वाया जात नाही, असं हे म्हणत, कारण रस्ताभर भांडणावरच गाडी चालायची. हे त्याला 'ऑपरेटर' म्हणत, तो यांना 'डायवर'. आमच्या गावात कोण कोणाच्या चुलीवर जेवतो याच्यावर तेव्हा लोकांची बारीक नजर असायची. आमचं घर माळ्याचं, त्यांचं बौद्धांचं. पण जीपमध्ये तीन वर्षं एकाच डब्यात हात घातलेल्या माणसांना ती नजर नंतर दिसेनाशीच झाली.

मग एकाहत्तरची लढाई झाली. तिच्या अखेरीला जीपचं मागचं चाक सुरुंगावर गेलं. हे पुढे होते, पायाला खरचटण्यावर निभावलं. ऑपरेटरचे दोन्ही डोळे गेले.

हे घरी आले, एस.टी.त लागले, आणि नशिबाने यांना वाशीम-अकोला रस्ताच मिळाला. म्हणजे रोज मेडशीवरून जाणं आणि येणं. पहिल्याच सुटीला हे ऑपरेटरला भेटायला गेले. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. "तू कायले आला?" एवढंच म्हणाला. "आता गाडी नाई, सेट नाई. जाय घरी." त्यानंतर तो बोललाच नाही. त्याची माय सांगत होती की तो कोणाशीच बोलत नाही, ओसरीवरसुद्धा येत नाही. हे उपाशीच परत आले आणि मला म्हणाले, "गाडी माह्या हातात व्हती वं." तेवढ्या एका वाक्यावर हा माणूस रात्रंदिवस बसून राहिला. ऑपरेटर आपल्याला दोष देतो का, हे त्यांना विचारताही येत नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. रोज मेडशीला बस थांबली की हे उगाच लांबलचक हॉर्न वाजवत. गल्लीतून कोणी येत नसे.

एके दिवशी हे रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आले. मला वाटलं, गहू ठेवायला आणला, माणूस सुधारला. तर यांनी माझीच कात्री घेऊन तो उभा फाडला! कापडाची कात्री पत्र्याला लावणाऱ्या नवऱ्याचं काय करतात, ते शिवणकाम करणाऱ्या बायकांना विचारा. मी तोंडाचा पट्टा सोडला. तो थांबल्यावर हे शांतपणे म्हणाले, "ऑपरेटरले आपली गाडी दाखवाची हाय."

"त्याले दिसत नाई ना."

"हातानं पाह्यन थो."

 मी मापाची टेप काढून दिली. खरी वीतभर लांबी म्हणजे आपला एक इंच, असं प्रमाण मी ठरवून दिलं, कारण लहान अंगाला मोठं माप बेतण्यात माझी हयात गेली आहे. परातीत मावेल एवढी जीप तयार झाली. हँडल, गिअरचा दांडा, बॉनेटवर डाव्या अंगाला पडलेला पोचा, सगळं यांनी हुबेहूब केलं. छत्रीची काडी तासून एरियल केली आणि खऱ्या गाडीत बांधत तशी ती सुतळीने वाकवून पुढे बांधली. मग सेटची वेळ आली आणि आमचे साहेब अडकले. सेट तीन वर्षं यांच्या पाठीमागे होता. यांनी तो कधी नीट पाहिलाच नव्हता! पाटावर बसून डोळे मिटून हे सांगायचे, "पयले खट् होये. मंग घूं... मंग एक बटन करकर करे." आवाज सगळे पाठ, चेहरा एकही नाही. शेवटी मीच काडेपेटीवर पत्रा मढवून सेट केला, घरमालकांच्या रेडिओवर बेतून. समोर जाळीचं कापड, खाली दोन टिचबटणं. दिसायला फार गोड झाला.

तो जीपमध्ये बसवून आम्ही दोघं मेडशीला गेलो. लहानशी, सारवलेली खोली, कोनाड्यात बुद्धाची तसबीर, आणि खाटेवर तो उंच, हाडापेराने मोठा माणूस, भिंतीकडे तोंड करून. यांनी एक शब्द न बोलता जीप त्याच्या मांडीवर ठेवली. बराच वेळ हात हललेच नाहीत. मग एक बोट बॉनेटवरून सरकलं आणि पोच्यावर थांबलं. तिथे ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग हात मागे गेला, एरियलच्या सुतळीवरून सेटवर आला. 

"हे काय हाय बे?" ऑपरेटर म्हणाला.

"सेट."

"कोनाचा सेट? हा तं हाटेलातला रेडिओ हाय! याच्यावर गाने लागतात. तीन साल तुह्या पाठीमागं बसलो, डायवर, अन तुनं एक डाव मान वळवून पाह्यलं नाई?"

"मान वळवली असती तं गाडी नालीत गेली असती."

 मला वाटलं, झालं, गाडीचा विषय निघायला नको तिथेच निघाला. आणि मग ऑपरेटर हसला. पोट धरून, खाट करकरेपर्यंत हसला. चहाचे कप घेऊन आलेली त्याची माय दारातच थांबली आणि उंबऱ्यावर खाली बसली. तिला चहा सांडल्याचंही कळलं नाही. मी पदराने तिचे हात पुसले आणि माझेच डोळे भरून आले.

मी तो सेट तंतोतंत केला असता तर काय झालं असतं, असा विचार मी पुढे पुष्कळदा केला आहे. त्याने हात फिरवला असता, "चांगला झाला" म्हणून बाजूला ठेवला असता आणि पुन्हा भिंतीकडे वळला असता. कौतुक दोन शब्दांत संपतं. चूक दिसली की माणसाला बोलावंच लागतं.

त्यानंतर यांच्या प्रत्येक सुटीला सेट मेडशीला जाऊ लागला आणि शिव्या खाऊन परत येऊ लागला. डायल मधोमध नाही, डाव्या अंगाला. इस्क्रू म्हणून मी मोहरीचे दाणे सरसाने चिकटवले होते, त्यावर निरोप आला, "वयनीले सांग, इस्क्रूले खाच अस्ते, मोहरीले नस्ते." मग मी टाचण्यांची डोकी कानशीने घासून एकेकीवर खाच पाडली. कानाला लावायच्या यंत्राची वायर पिळदार हवी, म्हणून काळा रेशमी दोरा सुईवर गुंडाळून डिंकात बुडवला. बटणांना टिचबटणं चालेनात, कारण खऱ्या बटणाची कड अंधारात बोटाला लागावी म्हणून खरबरीत असते. शेवटी माझ्या गळ्यातल्या जुन्या पोतीतले काळे मणी कामी आले. यजमानांसाठी पोतीतले मणी काढून देणारी बाई मी पहिलीच असेन. पण त्या माणसाची बोटं एकेका मण्यावर अशी थांबत, की आणखी मागितले असते तर तेही दिले असते. सेट सुधारत गेला तसा ऑपरेटरही सुधारत गेला. आधी खाटेवर बसून बोलायचा, मग दारात, मग ओसरीवर. हॉर्न वाजला की गल्लीच्या तोंडाशी काठी टेकून उभा राहू लागला. पण बसमध्ये मात्र चढेना. यांनी दोनदा म्हणून पाहिलं, "चाल वाशीमले." तो विषयच बदलायचा. हे घरी येऊन म्हणत, "माह्या हातच्या गाडीत नाई बसत थो आता." 

आणि मग एका सुटीला तो दिवस आलाच. ऑपरेटरने सेटवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, नखाने एकेक खाच पाहिली. चूक सापडेना. खरं म्हणजे आम्ही खूश व्हायला हवं होतं. पण यांचा चेहरा असा उतरला, की जणू कुणी लायसन काढून घेतलं. आता पुढच्या सुटीला कशाच्या निमित्ताने यायचं? ऑपरेटर पुन्हा त्याच खाचा चाचपत होता. माय चुलीपाशी होती, ती थांबून ऐकत होती.

"एक बटन राह्यलं," ऑपरेटर अखेर म्हणाला. "हितं, खाली, उजव्या कोपऱ्यात."

यांनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हो बे. राह्यलंच थे. पुढच्या बारीले लावून आनतो."

"आनू नको. आनता आनता रंग उडते. मीच येतो पाह्याले."

तो येणार त्या दिवशी मी स्टँडवर दुपारपासून उभी होते. मेडशीवरून येणारी बस वळण घेऊन आत आली आणि मला काचेतून आधी हे दिसले, स्टिअरिंग घट्ट धरलेले, नवशिक्यासारखे. आणि यांच्या बरोबर मागच्या सीटवर, जाळीला नाक लावून, ऑपरेटर. कंडक्टर सांगत होता, त्याने पुढची, दाराजवळची जागा नको म्हटलं, डायवरच्या पाठीमागचीच मागितली. खाली उतरून माझ्याकडे तोंड करून तो म्हणाला, "वयनी, यानं सवय नाई सोडली. एक खड्डा हुकवत नाई." हे पलीकडे तोंड फिरवून उगाचच टायरला लाथ मारून पाहत होते. जो प्रश्न यांना लढाईपासून पोखरत होता, त्याचं उत्तर तेव्हा मिळालं. घरी येऊन त्याने खालच्या कोपऱ्यातला नवा मणी चाचपला, म्हणाला, "आता बराबर," आणि माझ्या हातचा झुणका तीन भाकऱ्यांशी खाल्ला.

पुढे ऑपरेटर भाऊजी आमच्याकडे येतच राहिले. त्यांनी मेडशीत पिठाची गिरणी घातली. चिमटीत पीठ घेऊन ते जाड की बारीक सांगत, आणि बायका त्यांच्याच गिरणीवर रांग लावत. जीप मात्र त्यांनी आमच्याकडेच ठेवली, म्हणजे येण्याला कारण राहतं, असं म्हणून. काही पावसाळ्यांपूर्वी ते गेले, पिकलं पान गळावं तसे, भरल्या घरात.

गेल्या रविवारी सुनेने ती जीप फळीवरून खाली काढली. तिने तिच्या मंडळींकडून त्याच सेटचे फोटो मिळवले होते, चहूबाजूंनी काढलेले. भिंग लावून ती सकाळभर ताडून पाहत होती आणि मधूनमधून "बाप रे" म्हणत होती. खाच, खिळे, डायल, वायरीचे पीळ, सगळं जिथल्या तिथे. माझी छाती फुगली. मग ती थांबली. "आई, हे खालचं बटण मात्र कुठल्याच फोटोत नाहीये. असं बटण या सेटला नसतंच."

मला राग आला. फोटो चुकेल, पण भाऊजींची बोटं चुकायची नाहीत. मी तसं म्हणणार, तोच खाटेवर लसूण सोलत बसलेले आमचे डायव्हरसाहेब बोलले. ऐंशी ओलांडली आहे, ऐकायला आता कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं.

"नाईच हाय थे बटन. मले मालूम हाय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तव्हापासून. त्या सेटच्या एकेका बटनाचा आवाज मले पाठ व्हता. त्या बटनाचा आवाज मी तीन साल कदी ऐकला नाई."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं थो आला असता का?" असं म्हणून ते पुन्हा लसूण सोलू लागले.

एवढी वर्षं तो मणी मी पुसत आले, दर दिवाळीला, सेटचाच भाग समजून. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत, आणि मला कळायला सून यावी लागली. मला हसूही आलं आणि थोडं रडूही. सुनेने मणी काढायला उचललेला चिमटा कधीच खाली ठेवला होता.

आज पुन्हा रविवार आहे. ती तशीच एक जीप जोडते आहे, प्लॅस्टिकची, नखाएवढ्या सेटची. मघाशी तिने माझ्या डब्यातून मोहरीचा एक दाणा नेला आणि सेटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवला. संध्याकाळी ती त्याचा फोटो पाठवणार आहे, आणि तो पाहून जगभरची माणसं चूक काढायला तुटून पडतील. पडू देत. यायला निमित्त हवं असेल त्यांनाही.