धामच्या पात्रातला भोंगा

आम्ही तिघे शाळासोबती, सिंदी रेल्वेचे. एक आता पुण्यात नोकरीला असतो. पवनारचे जुने नगर त्याने कधी नीट पाहिले नव्हते, म्हणून त्याच्या सुट्टीत तिघे गेलो. सकाळी किल्ल्याचा उरलेला दरवाजा आणि मातीतून डोकावणाऱ्या रुंद विटा पाहिल्या. दुपारी धाम नदीवर उतरलो. पाणी काठाला घोट्याएवढे, मध्ये खोल.

पुणेकराला काठावरच्या टेकाडाचा फोटो नदीतून हवा होता. दगडांवर पाय टाकत तो पात्रातल्या मोठ्या खडकावर गेला. त्याला पोहता येत नाही.

वरच्या अंगाने भोंगा वाजला. लांब, एकसुरी.

"झाली जेवणाची सुट्टी," माझ्या शेजारचा मित्र म्हणाला.

खडकावरून उत्तर आले, "मंग डबा आणून दे न बे इथं!"

आम्ही सिंदीतल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यावर वाढलो. भोंगा म्हणजे पाळी सुटली, बाबा येतील, ताटे घ्या. नदीच्या वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधीही भोंगा देतात, हे तिघांनाही माहीत होते. आठवले एकालाही नाही. खाली कपडे धुणाऱ्या बाया न पिळताच कपडे उचलून वर चढू लागल्या, तेव्हा कुठे मला ते आठवले आणि मी ओरडलो.

"पाणी सोडलं! निघ तिथून!"

"काऊन ओरडून राह्यला?" म्हणत त्याने वळून पाहिले आणि निघाला. पाणी गढूळ झाले होते. फारसा आवाज नव्हता. दगड एकामागून एक दिसेनासे होत होते. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"मले पुढचा दगड दिसत नाई."

शेजारचा मित्र पाण्यात शिरला. मी मागून त्याचा पट्टा धरला. त्याने पायाने चाचपून बुडालेला दगड शोधला, त्यावर उभा राहिला आणि हात लांबवला. "दगड माह्या पायाखाली हाये. माह्याकडं पाहून उडी मार."

तो हलेना. पाणी त्याच्या पोटरीला लागले, तेव्हा त्याने उडी घेतली. बोटे सापडली, निसटली, मग मनगट सापडले. काठावर येऊन मागे पाहिले. मोठा खडक दिसत नव्हता.

घरी आम्ही कोणीच काही सांगितले नाही. संध्याकाळी सिंदीत टपरीवर चहा घेत होतो. जिनिंगचा भोंगा झाला. टपरीवाल्याने सवयीने आपला डबा उघडला. आम्ही दोघे उठून उभे होतो. पुणेकर बाकावर चढला होता.