बिनआवाजाची बाई

दिल्लीला समाजकार्य शिकताना वाटायचं, वृद्धाश्रमात सगळे उदास चेहरे असतील आणि मी त्यांना हसवेन. दुष्काळाच्या आदल्या वर्षी राहात्याजवळच्या आमच्या आश्रमात रुजू झाले, तर तिथली वीस म्हातारी माणसं मलाच हसत होती! दिवसाला एक किस्सा घडायचा. आठवडाभरात मैत्रिणीला लिहायचं पत्र वहीएवढं जाड व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांचे कपडे एका मोठ्या कपाटात लावले. प्रत्येक कपड्यावर नंबर! वाटपात चूक झाली आणि धोंडीबाबा शेजाऱ्याचा सदरा घालून समोर उभे.

"बाई, आज मी सात नंबर हाय. त्याचं कडू औशद बी मलाच का?"

संध्याकाळी कपाट रिकामं केलं.

*

मग स्वच्छता मोहीम. धोंडीबाबांच्या उशाखाली एक गोटा होता, तो मी कुंपणापलीकडे भिरकावला. जेवणानंतर बाबा सुपारी घेऊन दारात हजर, तोंडाचं बोळकं उघडून.

"बाई, तुमी माजे दात फेकले!"

सुपारी ठेचायचा तो गोटा शोधायला मला तासभर लागला. बाबा कुंपणाशी उभे राहून सांगत होते, "त्यो न्हाई. माजा गुळगुळीत हाय."

*

गंगूमावशींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाचं पत्र मी ओसरीवर मोठ्यांदा वाचलं. सुनेच्या तक्रारी अख्ख्या आश्रमाला कळल्या. पुढचं पत्र आलं, तशी मावशींनी मला थेट गोठ्यात नेलं.

"मावशी, इथं गाय ऐकतेय की!"

"ऐकंना. ती काय तुमच्यावानी वरडून सांगत न्हाई."

*

आणि सरूआजी. त्या आंघोळीला गेल्या होत्या. कपड्यांना कसर लागू नये म्हणून मी त्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवायला गेले. आत काय होतं? ते सांगणार नाही, एवढं तरी शिकले!

मागे वळले तर आजी दारात. दुपारी पेटी फरफटत फाटकापाशी नेली आणि एसटीची वाट बघत बसल्या. त्यांना जायला एकही घर नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही.

"आजी, चुकले मी. पण कुठं जाणार तुम्ही?"

"जाईन कुटं बी. आगं, आमच्यात बाप्या आत यायचा तर आदी खाकरायचा. सून यायची तर बांगड्या वाजायच्या. तुज्या पायात रबरी चपला, हात भुंडे. मांजरावानी येतीस! मानसानं सावरायचं कवा?"

गाडी आली. आजींनी वर बघितलं. "लई गर्दी हाय. उद्याच्यानं जाईन."

पेटी मी आत आणू लागले, तर म्हणाल्या, "हात लावू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीच्या आधी, मी राहात्याच्या कासाराकडं जाऊन दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरून घेतल्या. परत येऊन आजींच्या दाराबाहेर उभी राहिले आणि हात हलवले.

आतून आवाज आला, "थांब जरा. पेटी झाकते, मग ये!"