एकवीस बोल्टांचं इंजिन

प्रतापरावांनी किसन मिस्त्रीला फसवलं. त्याचं इंजिन बदललं, आणि त्याने ते ओळखलं तेव्हा त्याला मारलं. दीड महिन्यापूर्वी त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." मी तेव्हा काट्यावर एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. हातातलं वजन मी भिंतीवर भिरकावलं.

हातगाडीपासून मी भंगाराचा धंदा उभा केला. किसनचं गॅरेज वसमतला. शिरड शहापूरच्या एका गोठ्यात जुन्या आठ सिलिंडरच्या गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. ती मीच त्याला दाखवली. त्या गाड्यांचा त्याला भारी नाद. पहिल्या मॉडेलला दर हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, एकवीस बोल्ट, पाण्याचे पंपही हेडवरच, ब्रेक सळयांचे. पुढे पंप खाली ब्लॉकवर गेले, मग बोल्ट चोवीस झाले, ब्रेक तेलाचे आले. "सुधारत गेली, व्हय," तो म्हणायचा, "पण पहिली ती पहिलीच, शेठ. घोड्यावानी फुरफुरते." गोठ्यातली गाडी पहिल्या मॉडेलचीच; अकरा वर्षं खपून त्याने ती चालू केली.

प्रतापराव मोठ्या शहरातले शौकीन. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनापुरती किसनने गाडी त्यांना माझ्या शब्दावर दिली. मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेतो. पण प्रतापराव दोन माणसांसह गाडी परत घेऊन आले तेव्हा नव्या रंगाला भुललो आणि बॉनेट न उघडताच "बराबर आहे" म्हणालो. किसनने ते उघडलं. बोट ठेवत बोल्ट मोजले. चोवीस.

"हे लेकरू माझं न्हाई!" म्हणत त्याने प्रतापरावांची गचांडी धरली. त्यांच्या दोन माणसांनी त्याला मडगार्डवर आपटलं आणि गाडी सुरू करायच्या हँडलनेच बरगड्यांवर हाणलं. मी एकाचे दात पाडले, दुसऱ्याने माझ्या डोक्यात पाना घातला... शुद्धीवर आलो तेव्हा किसन रक्त ओकत होता.

दवाखान्यात त्याने मला एवढंच विचारलं, "शेठ, तुमी बॉनेट काहून न्हाई उघडलं?" आयुष्यभर बोलून पोट भरलेला मी... त्याची चादर नीट करत बसलो. चार दिवसांनी तो गेला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, 'पडून दुखापत'.

जुन्या इंजिनाच्या हेडखालचं तांब्याचं पातळ गॅस्केट गॅरेजच्या भिंतीवर अजून खिळ्याला लटकतंय. बोल्टांची भोकं एकवीस. मी जातो तेव्हा मोजतो. माझी चूक मी इथे कबूल केली. प्रतापराव, आता तुम्ही वसमतला या, या भिंतीपुढे उभे राहा आणि सुमनवहिनींच्या तोंडाकडे बघून सांगा: इंजिन कुठे आहे, आणि हँडल उचला असं कोण म्हणालं?