बठ्ठा माल

झुलालभाऊ साक्रीकडचे. जळगावच्या एमआयडीसीत माझ्या शेजारच्या गाळ्यात एकाच मशीनवर ठिबकच्या नळ्यांचे जोड बनवायचे. मशीन त्यांचं, साचा कंपनीचा. साचा गेला की मशीन म्हणजे नुसतं लोखंड, हे आम्हा जॉबवर्कवाल्यांना कुणी सांगावं लागत नाही. वहिनी गेल्यापासून ते गाळ्यातच झोपायचे. माणूस कामाला चोख, पण हट्टी. कंपनीच्या साहेबाशीही अहिराणीतच बोलणार. मी चिडायचो, "अहो, जरा शुद्ध बोला." तर म्हणत, "माल शुद्ध शे ना? मंग व्हयनं."

यंदा कंपनीत पुण्याच्या नवीन मॅडम आल्या. त्यांनी फोनवर मालाचं विचारलं. भाऊ म्हणाले, "बठ्ठा माल तयार शे." म्हणजे सगळा. मॅडमनी ऐकलं 'बट्टा', म्हणजे डागी. हंगाम तोंडावर होता. दुपारीच टेम्पो आला आणि साचा उचलून माझ्या गाळ्यात ठेवून गेला.

टेम्पोवाला मला म्हणाला, "म्हातारा स्वतःच सांगतो, माल बट्टा आहे म्हणून." घोळ माझ्या लगेच लक्षात आला. कंपनीत एक फोन करायचा होता, बस. मी केला नाही. माझंही मशीन दोन महिने बंद होतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

भाऊ जोडांची गोणी घेऊन स्वतः कंपनीत गेले. माल चांगला निघाला, मॅडमनी ठेवूनही घेतला. साच्याचं मात्र म्हणाल्या, "पुढच्या हंगामात बघू. आणि काका, फोनवर नीट मराठी बोलत जा."

तेव्हापासून भाऊ बंद मशीनशेजारी बसून नीट मराठी घोटतात. चहावाल्यालासुद्धा 'आपण' म्हणतात. गाळ्यात दुसरं येतं कोण? मीच जातो, आणि माझ्या मशीनचा आवाज तिथवर येतो म्हणून फार वेळ बसवत नाही.

काल मी तिथे असताना त्यांचा फोन वाजला. कंपनीचाच असेल म्हणून भाऊ सावरून बसले, नंबर न बघता स्पीकर लावला. "नमस्कार. संपूर्ण माल तयार आहे. आपण बोला."

पलीकडे साक्रीची त्यांची अक्का होती.

"कोन बोली ऱ्हायनं?" ती म्हणाली. "मना झुलालले फोन द्या."