मेहरूणच्या काठावर आमची साइडकार

टाकी भरली की शिट्टी वाजवणारा तरंगता गोळा, शेजारच्या आबांसाठी उघडली की स्टूल होणारी काठी, पायाने चालणारं मिरची कुटायचं यंत्र आणि स्कूटरला जोडलेली साइडकार. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. आयटीआयची पायरी चढलो नाही. वेल्डिंग डोळे सुजवून शिकलो. साइडकारची आरटीओत रीतसर नोंद आहे, तेव्हा कमेंटमध्ये तो प्रश्न नको.

ती केली मंगलासाठी, म्हणजे बायकोसाठी. गुडघ्यामुळे तिला स्कूटरवर मागे बसता येत नाही, एसटीच्या पायऱ्या चढता येत नाहीत. तीन वर्षं तिने धुळं पाहिलं ते खिडकीतून. साइडकारची चाचणी झाली आणि ती म्हणाली, "शाळेच्या सहलीत मेहरूण तलाव पाहिला होता. पुन्हा दाखवा." म्हणून जळगाव, दोन दिवस, एक मुक्काम.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी; माझ्या मीटरवर ९३.४ किलोमीटर. रस्ता रुंद आहे, पण मी पस्तिसाच्या वर गेलो नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात ते कौतुकाने की चिडून, कळत नाही. चिडूनच असं धरून बाजूला व्हावं.

पारोळ्याला चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा गाडीभोवती दोनदा फिरले. "भाऊ, हाई बठ्ठं तुम्हीच बनाडं का?"

"हो."

"कितलाले पडनी?"

किंमत विचारणाऱ्याला मी कधी खरा आकडा सांगत नाही. म्हटलं, "भंगारातून केली, बाबा."

"तरीच वहिनी इतली जपीसन बशेल शे!" बाबा हसले. मंगलाही हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

जळगावात स्टेशनजवळ लॉज घेतला, नऊशे रुपये. मालक म्हणाला, गाडी मागच्या आवारात लावा, एकदम सुरक्षित. न विचारता 'सुरक्षित' म्हणणारा माणूस मला पटत नाही. खिडकीखाली लावली, दोन साखळ्या घातल्या. जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी, दोघांचे दोनशे ऐंशी. वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली आहेत असं वेटर म्हणाला. वास घेतला, खरंच होती.

संध्याकाळी तलाव. शहराच्या इतक्या जवळ एवढं पाणी असेल, असं वाटलं नव्हतं. मंगला साइडकारमध्येच बसून मेहरूणची बोरं खात होती. वाट सोडून मी गाडी काठाजवळ नेता येईल तितकी नेली होती. पाणी बघत दोन मिनिटं उभा राहिलो आणि वळून पाहतो, तर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तिशीतला माणूस साइडकारच्या चाकाला वीत लावत होता.

"काय मोजताय?"

"काही नाही काका, सहज."

"सहज बघणारा रंग बघतो, चाक मोजत नाही."

तो ओशाळला. नाव हर्षल, लग्नाआधीचे जोडप्यांचे फोटो काढतो. चहा पाजतो म्हणाला. मी नको म्हटलं, मंगलाने हो म्हटलं.

रविवारी सकाळी तो पुन्हा तिथेच, सोबत टेप घेतलेला वेल्डर. मापं घ्यायलाच आला होता, हा माझा संशय खरा ठरला. पण आता त्याने लपवलं नाही. फोटोंसाठी त्याने एक साइडकार करून घेतली होती. ती डावीकडे ओढायची. "एक नवरी कठड्यावर आदळता आदळता वाचली, काका."

साइडकारचं चाक स्कूटरला अगदी समांतर ठेवून चालत नाही, पुढून जरा आत वळवावं लागतं. किती, हे कळायला मी सतरा वेळा वेल्ड तोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याच्या साइडकारमध्ये कुणाची तरी मुलगी बसणार. म्हटलं, लिहून घे: पाऊण इंच. वेल्डरकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

लिहून झाल्यावर हर्षल म्हणाला, "मापं राहू द्या, हीच देऊन टाका. तुम्हाला धुळ्यापर्यंत एसी गाडी करून देतो." आणि त्याने आकडा सांगितला. खोटं कशाला लिहू, मी मनात दुसरी साइडकार बांधायला घेतलीसुद्धा. "दोन महिन्यांत नवी होईल," मी मंगलाला म्हणालो.

तिने बोराची बी हातात काढली. "आणि दोन महिने मी काय करू? परत खिडकीत बसू?" मग हर्षलकडे वळून, "दादा, तुझ्या नवऱ्या अर्धा तास बसतील. मला रोज भाजीला जायचंय."

मी किक मारली.

थांबत थांबत परतीला पाच तास लागले, गिरणा पुलावर वारा फार. जाऊन-येऊन पेट्रोल साडेपाच लिटर. तलाव सकाळी सातच्या आत बघा, नंतर गर्दी. लॉजमध्ये खिडकीखालचीच जागा मागा. सोमवारी मंगला पाचकंदीलच्या भाजीबाजारात जाऊन मेथीच्या भावावरून भांडली. तीन वर्षांत तिचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. हर्षलचा फोन आला, त्याची गाडी सरळ चालते म्हणतो. माझ्या मापाने तो आता किती साइडकार करून विकेल, हा संशय अजून आहेच.

हर्षलने सांगितलेला आकडा मित्र विचारतात, म्हणून लिहून ठेवतो. फक्त साइडकारचे, स्कूटर सोडून, रोख पंच्याऐंशी हजार रुपये. नाही म्हटलं.