चेटकिणीच्या वाड्यातली स्वयंपाकीण

संध्याकाळी मी मुलीला माझ्या लहानपणची एक जादूची कादंबरी वाचून दाखवत होते. चेटकिणीच्या वाड्यात कोंडलेली दोन भावंडं स्वयंपाकघरातून पळून जातात. चुलीपाशी स्वयंपाकीण असते, ती तोंड फिरवून पातेलं ढवळत राहते. अख्ख्या पुस्तकात तिच्या वाट्याला एवढंच. मी पुढे वाचायला लागले, तर कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी थांबवलं.

"त्या बायेन पोरांका बघल्यान," त्या म्हणाल्या. "बघून मुद्दाम तोंड फिरवल्यान."

ते पान मला तोंडपाठ होतं, पण हे कधी सुचलं नव्हतं.

आवडत्या पुस्तकांतल्या बारीकसारीक पात्रांचं आधीचं आयुष्य रचून लिहिणाऱ्यांची एक वेबसाइट आहे. मीही तिथे लिहिते. राजवाड्याच्या दरवानाची गोष्ट लिहून झाली होती, बोलक्या घोड्याच्या मोतद्दाराचीही. काळाचौकीच्या आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी सासूबाईंना सांगून टाकलं आणि विचारलं, या बाईची गोष्ट तुम्ही सांगाल का?

त्यांनी लगेच सुरुवात केली. बाई कोकणातली. दोन मुलं गावी आजीकडे ठेवून चेटकिणीकडे कामाला आलेली, कारण घरी खाणारी तोंडं फार. दुसऱ्यांची पोरं जेवायला बसली की तिचा हात थबकायचा. मी फोनवर टाइप करत गेले. करता करता लक्षात आलं, सासूबाईंनी याच भागात गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवली होती, तिथे सगळे त्यांना काकी म्हणायचे, आणि तेव्हा त्यांची मुलंही गावीच होती. त्यांतला एक माझा नवरा.

गोष्ट त्याने रविवारी वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला विचारलं, "तुला आमची आठवण यायची?"

"भात वाढताना रोज," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातात नारळ खवायला दिला. दोघं तासभर आत होते. हसण्याचे आवाज बाहेर येत होते.

वेबसाइटवर गोष्ट फार वाचली गेली. एका वाचकाचं मात्र म्हणणं पडलं की चेटकिणीकडे राहणाऱ्या बाईला थोडी तरी जादू यायला हवी. सासूबाईंनी उत्तर सांगितलं, "लिव तेका. येकटी बाई पन्नास माणसांक येळेर जेवक घालता, आणि कसली जादू व्हयी?" मी ते जसंच्या तसं टाकलं. त्याने हार मानली.

पुढे फणसवाडीतल्या एका कॉलेजच्या मुलीने स्वयंपाकिणीचं चित्र काढून पाठवलं. मी तिला घरी बोलावलं. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि नापसंत केलं. एवढी सुकडी बाई चुलीवरचा टोप उतरवणार कशी, असं त्यांचं म्हणणं. मुलगी ओशाळली नाही. तिने तिथेच बसून बाईचे दंड भरदार केले, पदर कमरेला खोचला. सासूबाई शेजारी बसून, चूल कुठे आणि पाण्याची कळशी कुठे, ते दाखवत होत्या. मध्येच उठून त्यांनी तिच्यासाठी बांगडे तळले.

जाताना तिने विचारलं, चित्रातल्या बाईला नाव काय द्यायचं? सासूबाई लाजल्या. मग म्हणाल्या, नाव नको, सगळे तिला काकी म्हणतात असं लिही.