एकवीस कलमांचा राक्षस आणि धावड्याची सोंगं

फाल्गुनातल्या एका रविवारी मी आमच्या टेबलावर भाषण केलं आणि त्या भाषणानं मला धावड्याला नेलं.

आधी टेबलाचं सांगतो. औरंगाबादेत आम्ही चौघे मित्र दर रविवारी एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि लढाईचा निकाल फाशांवर लागतो. खेळाची पुस्तकं परदेशी, म्हणून गोष्टीही तिकडच्या: बर्फातले किल्ले, टोकदार कानांचे धनुर्धर, सोन्याच्या ढिगावर झोपलेले ड्रॅगन. कूलरसमोर घाम पुसत आम्ही बर्फात वाट चुकायचो. त्या रविवारी माझा संयम सुटला. ज्या मुलखात रक्ताच्या एका थेंबातून नवा राक्षस उभा राहतो, खांब फोडून देव बाहेर येतो, वेताळाची पालखी निघते, तिथल्या माणसांनी उसनी भुतं का वापरायची, असं मी विचारलं. पाऊण तास विचारलं.

शिरीष आमच्यातला इंजिनियर. त्यानं फासे डबीत भरले आणि म्हणाला, "तू बनव देशी खेळ. चैत्र संपायच्या आत. खेळून मजा आली तर तू जिंकलास. नाही आली तर वर्षभर तू मुक्या साधूचं पात्र घ्यायचं. टेबलावर एक शब्द नाही."

वंदना लगेच म्हणाली, "मजा नाही आली, असं मी आत्ताच सांगून टाकू का?"

व्याख्यानांवर जगणाऱ्या माणसाला याहून कडक शिक्षा नाही. मी पैज घेतली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काशिनाथला हे सांगितलं, तेव्हा तो परीक्षानळ्या धुता धुता म्हणाला, "सर, पुस्तकं कशाला धुंडून राह्यले? आमच्या धावड्याला चला. चैत्रात सोंगं निघतात. सगळे देव एकाच गल्लीत भेटतील."

तर जायचं असेल त्यांच्यासाठी: सकाळची पहिली एसटी धरा. सिल्लोडवरून भोकरदन, तिथून धावड्याला काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरणं म्हणजे काय, याची ड्रायव्हरची कल्पना तुमच्यापेक्षा मोठी असते. माझ्या मांडीवर एका आजींची कोंबडी होती. भोकरदनच्या स्टँडबाहेर उसाचा रस प्या, पाणी बरोबर ठेवा. पाचशेच्या एका नोटेत जाणं, येणं आणि रस सगळं बसतं. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर दिसू लागले की रस्ता संपतो आणि खड्डे एकमेकांना भेटतात. कापूस निघून गेलेली काळी रानं, बांधावर कडुनिंब, आणि ऊन असं की बोलायची इच्छा होत नाही. माझीसुद्धा.

काशिनाथचे चुलते दगडूआप्पा मारुतीच्या पारावर मुखवटे उन्हात मांडून बसले होते. कागदाच्या लगद्याचे, पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेले. नरसिंहाच्या आयाळीला नवा ताग लावणं चाललं होतं. मी वही काढली. देवदानवांना मी वीसपैकी गुण दिले होते: बळ इतकं, बुद्धी इतकी. आप्पांनी ती वाचून घेतली.

"मारुतीला अठरा?"

"वीस फार होतात आप्पा. मग खेळात चुरस राहत नाही."

"अठराबी नका लिहू. शून्य लिहा. त्याला त्याची ताकद ध्यानातच न्हाई. दुसऱ्यानं आठवण करून दिली की मंग बघा. न्हाई दिली तर बसलेला हाये बिचारा झाडावर."

मी वीस वर्षं वाचतोय. एका खेळाडूचं बळ दुसऱ्याच्या तोंडी ठेवायचं, हे मला त्या परदेशी पुस्तकांत सापडलं नव्हतं. आणि आपल्या पुस्तकांत होतं, ते मी नुसतं वाचून पुढे गेलो होतो. सगळी गुणांची पानं मी तिथेच फाडली. आप्पांनी ती हाताची खळ पुसायला घेतली.

तेवढ्यात गोंधळ उठला. धावड्यात राक्षसाचं सोंग गावचा माणूस घेत नाही. नरसिंहाच्या हातून मार खाऊन पुन्हा वर्षभर त्याच्याच शेजारी नांदायचं कसं? म्हणून राक्षस व्हायचा मान गावच्या जावयाचा. यंदाचा जावई सिल्लोडहून निघाला होता, पण दुपारी निरोप आला की त्याचं पोट बिघडलं.

"दर साली यांच्याच टायमाला पोट बिघडतं," काशिनाथची आई मुक्ताबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सर, तुमची सासुरवाडी कुठली?"

"जालना."

"जिल्हा एकच हाये की. मंग बराबर. तुम्ही आमचे जावई."

विरोध करायला मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं नाही.

नियम असे. राक्षसानं ब्रह्मदेवापुढे उभं राहून स्वतःच्या शब्दांत वर मागायचा. ब्रह्मदेव म्हणजे गावातले सगळ्यात वडील, खाटेवर बसलेले, कापसाची दाढी लावून. मग डफाच्या तालावर मिरवणूक निघते: पार, चावडी, आड. प्रत्येक ठिकाणी राक्षसानं अख्खा वर पुन्हा म्हणायचा, कागद न घेता. गाव ऐकत असतं. वरामध्ये फट सापडली किंवा एखादं कलम विसरलं की नरसिंह सुटतो.

आता तुम्हीच सांगा, असा खेळ माझ्याइतका कुणाला शोभला असता? मी हिरण्यकशिपूच्या चुका आधीच ओळखत होतो. दिवसा नको, रात्री नको, तिन्हीसांजेलाही नको. घरात, बाहेर, उंबऱ्यावर, गच्चीवर, झाडावर नको. माणूस, पशू, अर्धा माणूस, पाव पशू नको. एकवीस कलमं मागितली. ब्रह्मदेवांनी "तथास्तु" म्हणायच्या आधी दोनदा तंबाखू मळली.

पारावर मी वर म्हटला. टाळ्या पडल्या. चावडीजवळ पुन्हा सुरू केला. मुखवट्याच्या आत तेलाचा नि हळदीचा वास, डोळ्यांच्या भोकांतून फक्त एक म्हैस दिसत होती. तेरावं कलम झालं. डफ थांबला. चौदावं आलंच नाही.

"चौदावं काय होतं?" गर्दीतून मुक्ताबाईंचा आवाज आला.

मी पंधरावं सांगितलं.

"चौदावं इचारलं."

गाव मोजत बसलं होतं. बायका बोटांवर, म्हातारे बिडीच्या थोटकांवर. नरसिंहाला कमरेच्या शेल्यानं दोघांनी धरलं होतं; त्यांनी शेला सोडला. दणकट माणूस होता. मला अलगद उचलून चावडीच्या पायरीवर आडवं केलं आणि कानात म्हणाला, "सर, लागलं तर सांगा."

आप्पा म्हणाले, इतक्या जल्दी मेलेला राक्षस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना आनंदच झाला होता, कारण राक्षस मेल्याशिवाय गावात पंगत बसत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. मुक्ताबाईंनी मला पाटावर पहिलं बसवलं, जावयासारखं.

"एका सालचा जावई कोर्टात कारकून होता," त्या तूप वाढता वाढता सांगू लागल्या. "नऊच कलमं, पण फटच ठेवली न्हाई. तिन्ही जागी घडाघडा म्हणला. नरसिंह उभाच. गाव उपाशी. पोळ्या वाळून राह्यल्या."

"मग?"

"मंग त्याची सासू आली नं. म्हणली, जावईबापू, जिंकले तुम्ही, आता जेवणार कोण? त्यानं गुपचूप मुखवटा काढला. तवापासून त्याला राक्षस दिला न्हाई. ज्याला मरता येत न्हाई त्याला मान कशाला?"

परतीच्या जीपमध्ये कोंबडी नव्हती, पण मी दाटीतच बसलो होतो आणि वहीत नियम लिहीत होतो. जुनी पानं गेली होती, त्यामुळे जागा भरपूर होती.

रविवारी टेबलावर मी प्रस्तावना केली नाही. वंदनानं विचारलं, बरं आहे ना तुला? शिरीषला राक्षस केलं आणि वर माग म्हटलं. त्यानं इंजिनियरसारखा मागितला, अटी-पोटअटींसह अकरा कलमं. वंदना मारुती झाली, शून्य गुणांची. प्रत्येक लढाईआधी शिरीषनं वर म्हणायचा आणि आम्ही बोटं मोजायची. तिसऱ्या लढाईत आमच्यातल्या चौथ्या मुकुंदनं, जो सहसा फासे टाकण्यापलीकडे काही करत नाही, वंदनाला तिच्या बळाची आठवण करून दिली; इतक्या मनापासून, की शिरीष ऐकत राहिला आणि त्याचं सातवं कलम गेलं.

चहा तसाच राहिला होता. शिरीष म्हणाला, "पुन्हा. या वेळी छोटा मागतो."

पैज जिंकलो. मुका साधू व्हायची वेळ आली नाही. वंदनानं मात्र नोंद केली की अख्ख्या दुपारी मी फार तर दहा मिनिटं बोललो.

कालच काशिनाथनं निरोप आणला. सिल्लोडच्या जावयानं पुढच्या वर्षीही पोट बिघडणार असल्याचं आत्तापासून कळवलंय, तेव्हा मान माझाच. मी तयारीला लागलोय. एकवीसची सहा कलमं केली आहेत. स्कूटरवर, सिग्नलला थांबलो की म्हणतो. तीन वेळा न चुकता येतात. पाचव्यात एक फट ठेवली आहे, पंगत वेळेवर बसेल इतकी. ती कुठली, ते इथे लिहीत नाही. मुक्ताबाईंना शोधू द्या.